मिरीचा नियम

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरचे विश्वस्त आणि प्रमुख पाहुणे, गेली सव्वीस वर्षं इथल्या प्रत्येक कुत्र्याच्या कानात डोकावणारे आपले डॉक्टर, आजचे सत्कारमूर्ती मास्तर, मास्तरांच्या कोटावरचे केस आत्ताही हळूच वेचणाऱ्या वहिनी, प्रशिक्षक मंडळी, आपापल्या कुत्र्याचा पट्टा हातात धरून लांबून लांबून आलेले आपले दृष्टिहीन मित्र आणि मैत्रिणी, आणि खुर्च्यांखाली पसरलेले चार पायांचे श्रोते, ज्यांतला एक मघाशी विश्वस्तांच्या भाषणात घोरत होता, या सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी मला सात मिनिटं दिली आहेत. टाळ्यांनी पिल्लं दचकतात, म्हणून टाळ्यांऐवजी हात हलवा, असंही त्यांनी सुरुवातीला सांगितलं. निम्म्या सभागृहाला हात हललेले दिसणार कसे, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. असो. मला दोन्ही नकोत. मी बोलून झाल्यावर तुम्ही टाळ्या वाजवाल असं मला वाटतही नाही.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी इथल्या खाद्यघरात आहे. अठ्ठावीस वर्षं कुत्र्यांचं खाणं मोजते आहे. माझ्या पाठीमागे मला तराजूबाई म्हणतात आणि मला ते कळत नाही असं सगळ्यांना वाटतं. आधीच्या वक्त्यांनी मास्तरांच्या शांत स्वभावाबद्दल सांगितलं, वक्तशीरपणाबद्दल सांगितलं. मी त्यांच्या हाताबद्दल बोलणार आहे. कारण आपल्या संस्थेत कुत्रा माणसाला रस्ता ओलांडून नेतो, तो या हातानं दिलेल्या घासाच्या जोरावर.

मास्तर आले तेव्हा मी तीन वर्षं नोकरीत होते असं म्हणायला मला आवडलं असतं, पण तेच तीन वर्षं आधीचे. मात्र त्यांची पद्धत लागू झाली ती माझ्या देखत. तोवर इथे सकाळी सातला आणि संध्याकाळी पाचला भांडी वाजायची. बेचाळीस कुत्री, बेचाळीस स्टीलची भांडी. मी ओळीनं मांडायची, कुत्री दीड मिनिटात फस्त करायची, आणि मग दिवसभर प्रशिक्षक त्यांना पट्ट्याला हिसके देऊन शिकवायचे. एक दिवस मास्तर खाद्यघरात आले आणि म्हणाले, "बाई, उद्यापासून भांडी नकोत."

मी विचारलं, "मग जेवायचं कशात?"

"माझ्या हातात," ते म्हणाले.

मला वाटलं, हा माणूस माझ्या पोटावर पाय द्यायला आला आहे. आठ दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. बेचाळीस भांडी घासूनपुसून मुद्दाम त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर रचून ठेवली. ते रोज वळसा घालून जायचे. तक्रार म्हणून नाही.

पाहुण्यांना पद्धत थोडक्यात सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी सकाळी प्रत्येक कुत्र्याचं दिवसभराचं खाणं मोजते. कुणाला साडेतीनशे ग्रॅम, कुणाला चारशे. ते प्रशिक्षकाच्या कमरेच्या पिशवीत जातं. कुत्रा फुटपाथच्या कडेला थांबला, की प्रशिक्षक "छान" म्हणतो आणि एक दाणा देतो. जिन्याची पहिली पायरी दाखवली, छान, एक दाणा. साधं काम असेल तर साधं कोरडं खाणं. गाडी येत असताना माणूस "चल" म्हणाला आणि कुत्रा हटून उभा राहिला, तर उकडलेल्या चिकनचा तुकडा. नखाएवढा, मोठा नाही. मोठा दिला तर कुत्रा चावत बसतो आणि आपण कशाबद्दल खातोय ते विसरतो. माणसांचंही तसंच असतं, पण तो आजचा विषय नाही.

आणि घास द्यायचा तो आपल्या डाव्या गुडघ्याजवळ, कारण कुत्र्यानं चालायचं तिथे. नवीन प्रशिक्षक हमखास उजव्या हातानं समोरून देतात. मग कुत्रा दर वेळी पुढे येतो आणि ज्याला दिसत नाही तो माणूस त्याच्यावर अडखळतो. मास्तर नवीन लोकांना पहिला आठवडा कुत्र्याला हातही लावू देत नाहीत. एक कप, एक मूठ वाटाणे. आधी तोंडानं "छान", मग हात. हात आधी हलला की वाटाणा परत पिशवीत. मोठमोठी माणसं कपात वाटाणे टाकत घामाघूम झालेली मी पाहिली आहेत. त्यातले दोघे आज व्यासपीठावर आहेत आणि खाली बघत आहेत.

मास्तर म्हणायचे, आधी दाखवून दिलं तर ती लाच, काम झाल्यावर दिलं तर तो पगार. आणि संध्याकाळी पिशवीत जे उरेल ते काहीतरी सोपं करून घेऊन हातानं संपवायचं. या संस्थेत एकही कुत्रा उपाशी झोपलेला नाही. हे मी आज ठामपणे सांगते. एक काळ असा होता की मला ते पटलेलं नव्हतं. तिथूनच माझी गोष्ट सुरू होते.

अध्यक्ष महोदया, मी घड्याळ पाहिलं आहे. मला माहीत आहे.

नऊ वर्षांपूर्वी आपल्याकडे मिरी नावाची कुत्री होती. काळी, सडपातळ, कान एक वर एक खाली. मास्तर म्हणायचे की इतकी समजूतदार कुत्री त्यांनी पाहिली नाही, आणि मास्तर असं सहसा म्हणत नाहीत. ती ज्यांना मिळणार होती त्या आज दुसऱ्या रांगेत कडेला बसल्या आहेत. हॉस्पिटलच्या टेलिफोनवर काम करतात. फोन उचलणारा आवाज ऐकून निम्मे पेशंट बरे होतात असं तिथले डॉक्टर म्हणतात. त्यांचा आधीचा कुत्रा थकला होता आणि दीड वर्ष त्या मिरीची वाट बघत होत्या. तोवर त्यांचा भाऊ त्यांना कामावर सोडायचा आणि आणायचा. भावाला उशीर झाला की त्या दारात उभ्या राहायच्या. हे त्यांनी मला नंतर सांगितलं, तक्रारीच्या सुरात नाही.

शेवटच्या परीक्षेला महिना उरला आणि मिरीचं वजन सहाशे ग्रॅमनी उतरलं. मी डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, वाढत्या वयात अंग सुटतं तसं आवळतंही, काळजी नको. बरोबर होतं त्यांचं. पण मला त्या वर्षी कुणाचंच बरोबर वाटत नव्हतं. माझी मुलगी सतरा वर्षांची होती आणि आपण जाड आहोत असं तिनं डोक्यात घेतलं होतं. रोज अर्धं ताट ठेवून उठायची. मी रागावले, विनवण्या केल्या, आवडीचं करून घातलं, रडलेसुद्धा. तिनं पाण्याचा पेला प्यायचा आणि खोलीत जायचं. घरून ते अर्धं ताट डोळ्यांसमोर घेऊन मी इथे यायची, आणि इथे मिरीच्या बरगड्या दिसायच्या.

ती मुलगी आता ठणठणीत आहे आणि स्वतःच्या मुलीच्या मागे वाटी घेऊन घरभर फिरते. मी बसून बघते.

तर मी काय केलं? सकाळी सगळ्यांच्या आधी, पावणेसहाला, मिरीला भात आणि वर मांसाचं कोमट सूप घालायला लागले. वापरात नसलेल्या भांड्यांतलं एक भांडं काढलं होतं. ती खायची, भांडं चाटून पुसून ठेवायची, आणि माझ्याकडे बघायची. त्या बघण्यासाठी मी दिवसभर जगायची. खोटं कशाला बोलू. मग साडेसातला तिचं नेमाचं खाणं नेहमीसारखं मोजून मास्तरांच्या पिशवीत. तीनशे साठ ग्रॅम, एक दाणा इकडे नाही की तिकडे नाही.

मास्तर, बसा. माझं व्हायचं आहे अजून.

चार-पाच दिवसांत मिरी कामात घास घेईनाशी झाली. म्हणजे घ्यायची, तोंडात धरायची आणि शिष्टाचारानं खाली ठेवायची. मास्तरांनी चिकन आणलं. मग चीज. मग भाजलेली कलेजी. मग घास बाजूला ठेवून चेंडूही दिला. मिरी चेंडूशी दोन मिनिटं खेळायची आणि माझ्या खाद्यघराकडे तोंड करून बसायची. मास्तर संध्याकाळी अंगणात एकटे फेऱ्या मारायचे. त्या दिवसांत ते एकदा खाद्यघरात आले, दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, राग मानू नका. मिरीच्या मापात काही फरक पडत नाही ना?"

मी म्हणाले, "माझं माप आजवर कधी चुकलं आहे?"

हे खरं होतं. माप चुकलेलं नव्हतं. मापाच्या बाहेरचं मी बोलले नाही.

ते म्हणाले, "नाही. मी विचारायलाच नको होतं." आणि या माणसानं माझी माफी मागितली. त्यानंतर नऊ वर्षांत त्यांनी खाद्यघराला एकदाही काही विचारलेलं नाही.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक डोळ्यांवर पट्टी बांधून मिरीबरोबर चालले. मास्तर तीन पावलं मागे. पहिल्या कडेला मिरी थांबली, घास घेतला आणि परीक्षकांच्या बुटावर ठेवला. दुसऱ्या कडेला थांबली, पण तिच्या मनात नव्हतं. चौथ्या कडेला ती थांबलीच नाही. परीक्षकांचा पाय रस्त्यावर पडला. एका सायकलवाल्यानं करकचून ब्रेक लावला, म्हणून फक्त शिव्यांवर निभावलं. मी फाटकात उभी राहून बघत होते. त्या दिवशीही सकाळी तिला भात घातला होता. परीक्षेला उपाशीपोटी कसं पाठवायचं, असं वाटलं होतं मला.

संध्याकाळी मास्तरांनी अहवाल लिहिला. त्यात दोनच ओळी होत्या. कुत्रीत दोष नाही. दोष प्रशिक्षकाच्या पद्धतीत आहे. त्यांनी स्वतःहून पिल्लांच्या विभागात बदली मागितली. इकडे समितीनं अर्ध्या कुत्र्यांची भांडी परत सुरू केली. माझी भांडी परत आली. ती पुन्हा बंद होईपर्यंत वर्षभर मी मांडत होते आणि प्रत्येक भांड्यानं हाताला चटका बसल्यासारखं वाटत होतं. तेव्हाच का नाही बोलले? पहिल्या दिवशी नोकरीची भीती वाटली. मग अहवाल गेला होता. मग वाटलं, आता सांगून काय होणार. अशी एकेक सबब सापडत गेली आणि वर्षं गेली.

मिरी एका शाळामास्तरांच्या घरी गेली. तिचं छान झालं. टेलिफोनवरच्या बाईंना मात्र आणखी अकरा महिने थांबावं लागलं. त्यातल्या सहाव्या महिन्यात भाऊ गावाला गेला होता, त्या एकट्या काठी घेऊन निघाल्या, आणि रस्त्याच्या कामासाठी उघड्या ठेवलेल्या खड्ड्यात पडून त्यांचं मनगट मोडलं. उजवं. दोन महिने फोन दुसरं कुणी उचलत होतं. बाई, तो खड्डा मी खणला नव्हता. पण मिरी त्या खड्ड्यापाशी थांबली असती. हे मला तुम्हाला नऊ वर्षं सांगायचं होतं. दर वर्षी तुम्ही वार्षिक तपासणीला येता आणि माझा हात हातात घेऊन, "तुमचा हात किती उबदार आहे," म्हणता, आणि दर वर्षी मी चहा करायला निघून जाते.

आता कुणी म्हणेल, निरोपाच्या दिवशी हे कशाला उकरून काढायचं? फुलं द्यावीत, चार चांगले शब्द बोलावेत, फोटो काढावा. माझाही तोच बेत होता. कागदावर वेगळं भाषण लिहून आणलं आहे, ते पर्समध्ये आहे, बरं झालं होतं.

पण बुधवारी मास्तरांनी लिहिलेली प्रशिक्षण पुस्तिका माझ्याकडे तपासायला आली. खाण्याच्या वजनांचे तक्ते बरोबर आहेत का, एवढंच मी बघायचं होतं. ती सोमवारी छपाईला जाणार आहे आणि पुढची तीस वर्षं इथे तीच शिकवली जाईल. तक्ते बरोबर आहेत. पान बावीसवर मी थांबले. तिथे लिहिलं आहे, "मिरी या कुत्रीनं पूर्ण भूक असताना सर्व प्रकारचे घास नाकारले. यावरून असं दिसतं की काही कुत्री स्वभावतःच घासासाठी काम करत नाहीत. म्हणून सलग तीन दिवस कामात घास नाकारणारा कुत्रा अंतिम प्रशिक्षणातून कमी करावा."

मास्तर, तिला पूर्ण भूक नव्हती. तिचं पोट भरलेलं होतं.

हा नियम तोंडी तर नऊ वर्षं चालू आहे. तुम्ही सगळे त्याला मिरीचा नियम म्हणता. त्या नियमानं आजवर चौदा कुत्री कमी झाली. त्यातली काही खरंच या कामाची नसतील. पण कोणती, ते आता कुणाला सांगता येणार? एका माणसानं आयुष्यभर एकेक दाणा तपासून पद्धत उभी केली आणि त्यात एक खोटा दाणा मी टाकला. तो त्यांनी खरा समजून तुमच्या सगळ्यांच्या हातात दिला. मला याची लाज वाटते. फार वाटते.

आणि नऊ नंबरच्या खोलीत तांबू आहे. काल त्यानं घास नाकारला, आज नाकारला. उद्या तिसरा दिवस. उद्या संध्याकाळी त्याचं नाव यादीतून जाईल आणि ज्या मुलीसाठी तो तयार होतोय तिला पत्र जाईल की आणखी एक वर्ष थांबा. तांबूला कुणी चोरून खाऊ घालतंय, असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. कदाचित त्याचा दात दुखत असेल, कदाचित तो खरंच तसा असेल. पण नियम असा हवा की कुत्र्याला कमी करण्याआधी खाद्यघराला विचारावं, झाडणाऱ्याला विचारावं, रात्रपाळीच्या माणसाला विचारावं, आणि ज्याला कुत्र्याची दया येते अशा प्रत्येकाला समोर बसवून विचारावं. एकदा विचारून माफी मागून निघून जाऊ नये. दोनदा विचारावं. माझ्यासारखी बाई पहिल्यांदा खरं सांगत नाही.

मास्तरांना काही विचारायचं आहे वाटतं. माइक द्या ना त्यांना. नको म्हणतात. काय म्हणालात, मास्तर?

मास्तर विचारतात, किती.

दोनशे ग्रॅम भात, मास्तर. शिजवलेला. वर दीड वाटी सूप, चरबी न काढलेलं. रोज पावणेसहाला. एकोणीस दिवस, परीक्षेचा दिवस धरून. नाही, मधे खंड नाही. रविवारीसुद्धा. रविवारी मी मुद्दाम यायची.

ते लिहून घेताहेत. वहिनी, तुमचं पेन चालत नाहीये, कुणीतरी त्यांना दुसरं द्या.

पुन्हा काय? हो. भाताआधी तिनं कामाचे काही घास घेतलेले असायचे का? नाही. आधी काहीच नाही. रिकाम्या पोटी भात. बरोबर, मास्तर, म्हणजे साडेसातला तिला भूक असणं शक्यच नव्हतं. होय. तुमची पद्धत बरोबर होती.

अध्यक्ष महोदया, माझी सात मिनिटं संपून बराच वेळ झाला, आणि तुम्ही घंटी वाजवली नाहीत याबद्दल आभारी आहे. बोलायची संधी दिल्याबद्दल संस्थेची, शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सर्वांची, आणि एकदाही न भुंकल्याबद्दल खालच्या श्रोत्यांची मी ऋणी आहे. मास्तरांना पुढच्या आयुष्यासाठी शुभेच्छा द्यायच्या राहिल्या होत्या, त्या देते. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, शब्द इकडचा तिकडे झाला असेल, वेळेचं भान सुटलं असेल, तर ते सगळं मोठ्या मनानं पोटात घाला. त्या दुसऱ्या चुकीसाठी मात्र मी तुमच्याकडे क्षमा मागत नाही. ती पोटात घालू नका. ती पान बावीसवर घाला, माझ्या नावासकट.